पाकिटावरचे चित्र आणि गुमटीकडे वळणारे पाऊल

इंदूरमधल्या कोणत्याही गुमटीपाशी सकाळी दहा मिनिटे उभे राहून पाहावे. पोह्यांची प्लेट संपवून आलेला माणूस दोन बोटे वर करतो, गुमटीवाला काहीही न विचारता नेहमीच्या ब्रँडच्या दोन सिगारेटी काढून त्याच्या हातावर ठेवतो आणि पाकीट पुन्हा फळीवर जाते. त्या पाकिटाच्या दोन्ही मुख्य बाजूंचा ८५ टक्के भाग व्यापणारे रोगग्रस्त शरीराचे चित्र, त्यासोबतचा मजकूर आणि मदतीचा दूरध्वनी क्रमांक हे सारे गिऱ्हाइकासाठी छापलेले असते, पण ते दिवसभर पाहतो तो गुमटीवाला. पूर्ण पाकीट घेणाऱ्यांतही काही जण ‘दूसरी फोटोवाला देना’ असे म्हणून त्यातल्या त्यात सौम्य चित्र निवडून घेतात.

हा लेख सिगारेट किंवा विडी ओढणाऱ्या आणि ती सुटावी असे अधूनमधून वाटणाऱ्या माणसासाठी आहे, आणि त्याच्या घरच्यांसाठीही. धूम्रपान वाईट असते हे पटवून देण्याचा त्यात प्रयत्न नाही, कारण ते न पटलेला माणूस मला अद्याप भेटलेला नाही. पटूनही हात पुढे का जातो आणि पाकिटावरच्या इशाऱ्याचा उपयोग तो हात आवरण्यासाठी कसा करून घ्यावा, एवढेच येथे सांगायचे आहे. मी स्वतः चौदा वर्षे सिगारेट ओढली आणि ती तीनदा सोडली. तिसऱ्यांदा सोडली ती टिकली. पहिल्या दोन वेळा मी केवळ भीतीच्या बळावर सोडली होती, आणि दोन्ही वेळा ती भीती पंधरा दिवसांहून अधिक पुरली नाही.

इशारा कोठवर पोहोचतो

आपल्या देशात सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापण्याची सक्ती १९७५ च्या कायद्याने आली. तो इशारा एका ओळीचा होता आणि वर्षानुवर्षे तसाच राहिल्यामुळे तो पाकिटाच्या नक्षीचाच भाग होऊन गेला. तंबाखू नियंत्रणाचा व्यापक कायदा २००३ मध्ये झाला, ३१ मे २००९ पासून चित्रे आली, तीही केवळ दर्शनी बाजूच्या ४० टक्के भागावर, आणि १ एप्रिल २०१६ पासून ती दोन्ही बाजूंच्या ८५ टक्के भागावर पसरली. या वाढीचा परिणाम मोजला गेला आहे. देशव्यापी प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २००९–१० च्या फेरीत सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ३८ टक्के लोकांनी इशारा पाहून सोडण्याचा विचार मनात आल्याचे सांगितले होते. २०१६–१७ च्या फेरीत हे प्रमाण ६१.९ टक्के झाले. विडी ओढणाऱ्यांमध्ये ते २९.३ टक्क्यांवरून ५३.८ टक्क्यांवर गेले. तेव्हा ‘त्या चित्रांनी काही होत नाही’ असे गुमटीपाशी ऐकू येणारे मत खरे नाही.

विचार येणे आणि सुटणे यांत मात्र बरेच अंतर आहे. अमेरिकेतील एका प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, धूम्रपान करणाऱ्या २,१४९ जणांच्या पाकिटांवर चार आठवडे इशारे चिकटवण्यात आले. काहींच्या पाकिटांवर चित्रे होती आणि काहींच्या पाकिटांवर नुसता मजकूर. चित्रे पाहणाऱ्यांपैकी ४० टक्के आणि मजकूर वाचणाऱ्यांपैकी ३४ टक्के लोकांनी त्या काळात सोडण्याचा प्रयत्न केला. प्रयोग संपताना किमान सात दिवस सिगारेटला न शिवलेले लोक मात्र अनुक्रमे ५.७ आणि ३.८ टक्के एवढेच होते. चित्र मजकुराहून सरस ठरले हे निर्विवाद आहे, पण प्रयत्न करणाऱ्या प्रत्येक सात जणांमागे जेमतेम एक जण आठवडाभर टिकला, हेही त्याच कागदावर लिहिलेले आहे.

शिवाय रोज ओढणाऱ्याची नजर इशाऱ्यावर ठरतच नाही. ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये डोळ्यांच्या हालचाली टिपून पाहिल्या. ब्रँडची सजावट काढून टाकलेल्या साध्या पाकिटावर, न ओढणाऱ्यांची आणि आठवड्यातून एखाददुसऱ्या वेळी ओढणाऱ्यांची नजर इशाऱ्याकडे अधिक वळली. रोज ओढणाऱ्यांच्या नजरेत मात्र तसा फरक पडला नाही. ज्याच्यासाठी इशारा सर्वांत निकडीचा, त्याचेच डोळे त्याला वळसा घालून जातात आणि हे तो ठरवून करत नाही. नको असलेला नातलग लग्नात समोरून येताना दिसला की आपण नकळत वाढप्यांच्या गर्दीत शिरतो, त्यातलाच हा प्रकार आहे.

नकळत असलेला कल

विचारून कळणारे मत आणि न विचारता वागण्यातून दिसणारा कल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हा दुसरा कल मोजण्यासाठी अँथनी ग्रीनवाल्ड, डेबी मॅकगी आणि जॉर्डन श्वार्ट्झ या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये एक चाचणी मांडली. पडद्यावर एकामागून एक शब्द किंवा चित्रे येतात आणि ती दोन कळांपैकी एक दाबून वेगळी करायची असतात. ‘सिगारेट’ आणि ‘चांगले’ एकाच कळेवर असताना बोटे झटपट चालतात की ‘सिगारेट’ आणि ‘वाईट’ एकाच कळेवर असताना, हे सेकंदाच्या अंशांत मोजले जाते. मन विचार करून उत्तर सजवू शकेल एवढा अवधीच त्यात मिळत नाही. एका माणसाच्या एका वेळच्या निकालावरून त्याचे निदान करावे इतकी ही चाचणी भरवशाची नाही, परंतु मोठ्या समूहाबद्दल ती काही उपयुक्त गोष्टी सांगून जाते.

त्यांपैकी एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील धूम्रपान करणाऱ्यांचा पाठपुरावा करून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, सिगारेट आवरण्यात ज्यांना फारसे अपयश आलेले नव्हते, त्यांच्या बाबतीत त्यांचे उघड मत पुढच्या सुटण्याचा अंदाज देत होते. पुनःपुन्हा प्रयत्न करून हरलेल्यांच्या बाबतीत मात्र उघड मताचा काही उपयोग नव्हता. त्यांच्या बाबतीत नकळत असलेला कल अंदाज देत होता, आणि तोही त्यांनी सोडण्याचा बेत केलेला असेल तरच. म्हणजे जो चार वेळा हरला आहे त्याला पाचव्यांदा तीच माहिती ऐकवण्यात अर्थ नाही. त्याचा कल हलवावा लागतो आणि हाताशी बेतही द्यावा लागतो.

हा कल बनतो कसा, हे एका साध्या हिशेबाने ध्यानात येईल. धूर आत घेतल्यापासून साधारण दहा ते वीस सेकंदांत निकोटीन मेंदूपर्यंत पोहोचते. दिवसाला दहा सिगारेटी आणि प्रत्येकीचे दहा झुरके धरले, तर चहाची वाफ, मित्राचा आवाज, जेवणानंतरची सुस्ती यांची सुखाशी दिवसाला शंभर वेळा आणि वर्षाला ३६,५०० वेळा गाठ मारली जाते. त्यासमोर पाकिटावरचे चित्र दिवसातून एकदा ओझरते दिसते आणि ज्या रोगाची ते आठवण करून देते तो रोग वीस वर्षे दूर असतो.

या ठिकाणी इंदूरकराने आपल्याच शहराकडे पाहावे. रस्त्यावर कचरा टाकू नये असे फलक आपल्या लहानपणीही भिंतींवर होते आणि त्या फलकांच्या पायथ्याशीच कचऱ्याचे ढीग असत. २०१७ पासून हे शहर स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात वर्षामागून वर्षे पहिले आले. मला विचाराल तर हा बदल फलकांनी झालेला नाही. रोज सकाळी ठरावीक वेळी गाणे वाजवत गाडी दाराशी येऊ लागली, ओला आणि सुका कचरा कुठे टाकायचा हे ठरून गेले, आणि गाण्याचा सूर कानी पडताच राजेंद्रनगरपासून तुकोगंजपर्यंतच्या घरांतून हात आपोआप डब्याकडे जाऊ लागले. फलकाने मत बनवले असेल, सवय मात्र ठरलेल्या खुणेने आणि तिच्यापाठोपाठ येणाऱ्या सोप्या कृतीने लावली. पुढे सांगितलेली सारी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

पहिला आठवडा: फक्त नोंद

पहिल्या आठवड्यात काहीही सोडू नये. ओळखीच्या गुमटीवाल्याकडून एक रिकामे पाकीट मागून घ्यावे. सुट्या सिगारेटी घेणाऱ्याने हे अवश्य करावे, कारण त्याच्यापर्यंत इशारा एरवी पोहोचतच नाही. (महाराष्ट्र सरकारने २०२० मध्ये सुट्या विक्रीवर बंदी घातली, त्यामागे हेही एक कारण होते.) निरनिराळी चित्रे उपलब्ध असतील तर जे पाहताना आपली मान आपोआप दुसरीकडे वळते, तेच निवडावे. त्या पाकिटात कागदाच्या लहान चिठ्ठ्या आणि पेन्सिलीचा तुकडा ठेवून ते सिगारेटच्याच खिशात ठेवावे.

प्रत्येक सिगारेट पेटवण्यापूर्वी, पेटवल्यानंतर नव्हे, एका चिठ्ठीवर वेळ, ठिकाण, सोबत कोण होते आणि त्याच्या लगेच आधी आपण काय करत होतो, एवढे लिहावे. कारण लिहू नये. ‘ताण होता म्हणून’ हे कारण उघड मत देते, आणि ते बहुधा मागाहून रचलेले असते. मला तर पहिल्या आठवड्यात असे आढळले की ज्या सिगारेटींचे खापर मी कार्यालयातील ताणावर फोडत असे, त्यांतील बहुतेक सिगारेटी एका विशिष्ट सहकाऱ्याने खुर्ची मागे सरकवल्याच्या आवाजानंतर पेटवलेल्या होत्या. तो रजेवर असलेल्या दोन दिवसांत काम तेवढेच होते, पण चिठ्ठ्या निम्म्याच निघाल्या.

याच आठवड्यात एकदा आणखी एक गोष्ट करावी. ‘सिगारेट’ हा शब्द कागदावर लिहून, न थांबता, मनात येतील ते पहिले आठ शब्द त्याखाली लिहावेत. ही काही शास्त्रीय चाचणी नव्हे, परंतु ‘कर्करोग’ हा शब्द कितव्या क्रमांकावर आला आणि त्याच्या आधी कोणते शब्द आले हे पाहण्यासारखे असते. माझ्या यादीत ‘पाऊस’ दुसरा होता आणि ‘खोकला’ सातवा.

दुसरा आठवडा: इशारा खुणेला बांधणे

सात दिवसांच्या चिठ्ठ्या जमिनीवर मांडून त्यांचे ढीग करावेत. बहुतेकांच्या बाबतीत तीन किंवा चार ढिगांत सारे मावते: सकाळचे पोहे आणि चहा, दुपारच्या जेवणानंतरची वेळ, कार्यालयातली मधली सुट्टी, आणि रात्री सराफ्यात किंवा छप्पन दुकानांकडे मित्रांसोबत मारलेली चक्कर. सर्वांत मोठा ढीग आधी हाती घ्यावा असे वाटते, पण तसे करू नये. सर्वांत एकट्याने ओढलेल्या सिगारेटींचा ढीग प्रथम घ्यावा, कारण तेथे कोणाला नाही म्हणावे लागत नाही.

प्रत्येक ढिगासाठी एक वाक्य तयार करायचे असते आणि त्याचे दोन भाग असतात: अमुक घडले की मी तमुक करीन. या रचनेचे बळ जुन्या प्रयोगांतून सिद्ध झालेले आहे. येल विद्यापीठात १९६५ मध्ये हॉवर्ड लेव्हेन्थल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताच्या भीतीदायक माहितीपत्रिका दिल्या. लस घ्यायला हवी हे पुष्कळांना पटले, पण प्रत्यक्षात घेतली ती सुमारे ३ टक्के जणांनी. ज्यांना माहितीसोबत आरोग्य केंद्राचा नकाशा दिला आणि आपल्या वेळापत्रकात ती वेळ बसवायला सांगितले, त्यांच्यापैकी सुमारे २८ टक्के जण जाऊन लस घेऊन आले. आरोग्य केंद्र कोठे आहे हे त्या विद्यार्थ्यांना आधी ठाऊक नव्हते असे नाही.

वाक्यातील कृती हाताला आणि तोंडाला काम देणारी, एका मिनिटात सुरू होणारी आणि त्याच जागी करता येणारी असावी. ‘पोह्यांची प्लेट खाली ठेवली की मी पाकीट काढून चित्राकडे दहा अंक मोजेपर्यंत पाहीन, लवंग तोंडात टाकीन आणि गुमटीच्या उलट्या बाजूने गाडीकडे जाईन’ हे वाक्य चालते. ‘पोह्यांनंतर सिगारेट ओढणार नाही’ हे चालत नाही, कारण त्यात हाताने काय करायचे ते सांगितलेले नाही, आणि मन ‘नाही’ गाळून ‘सिगारेट’ तेवढे ऐकते. चित्र पाहण्याची कृती खुणेच्या लगेच नंतर आणि लवंगेच्या आधी ठेवण्याचे कारण असे की, आजवर पोह्यांपाठोपाठ सुख येत होते. आता पोह्यांपाठोपाठ ते चित्र आणि मग सुटका, असा नवा क्रम बसवायचा आहे. चित्राची सवय होऊन ते बोथट होऊ लागले, तर दुसऱ्या चित्राचे पाकीट घ्यावे. सरकारही ही चित्रे ठरावीक काळाने बदलत असते, ते याच कारणाने.

एक सावधगिरी आपल्या भागात फार आवश्यक आहे. सिगारेटच्या जागी गुटखा, तंबाखू घातलेले पान किंवा नुसता पानमसाला घेऊ नये. सुपारी तंबाखूविनाही कर्करोगकारक ठरवलेली आहे, त्यामुळे ‘मी तंबाखू नाही, फक्त सुपारी खातो’ हा दिलासा खोटा आहे. तसेच ‘दहावरून दोनवर आलो, आता पुरे’ असेही समजू नये. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोका, वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या जवळजवळ निम्मा भरतो. विसावा भाग नव्हे.

सोडण्याचा दिवस आणि शरीर

दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस दिवस ठरवावा. लग्नघर, गणपतीतील जागरणे किंवा कार्यालयातील हिशेबाचे दिवस टाळावेत. शेवटच्या सिगारेटनंतर वीस मिनिटांत नाडी उतरू लागते आणि साधारण दिवसभरात रक्तातील कार्बन मोनॉक्साईड ओसरतो. चिडचिड, भूक, झोपमोड आणि बद्धकोष्ठ हे मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक जाणवतात आणि तीन-चार आठवड्यांत मावळतात. तल्लफ येते ती काही मिनिटांचीच असते. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागणाऱ्याने केवळ निग्रहावर विसंबू नये आणि डॉक्टरांशी बोलून निकोटीनच्या गोळ्या, च्युइंगम किंवा अन्य औषध घ्यावे. निकोटीनच्या या पर्यायांनी यशाची शक्यता सुमारे दीडपट होते. च्युइंगम सतत चघळायचे नसते, थोडे चावून ते गालात धरून ठेवायचे असते. चहा किंवा कॉफीनंतर पंधरा मिनिटांच्या आत ते घेतल्यास निकोटीन नीट शोषले जात नाही. कटिंगच्या पेल्यावर च्युइंगम चघळून ‘याचा काही उपयोग नाही’ असे सांगणारे मी अनेक पाहिले आहेत.

१८००-११-२३५६ हा पाकिटावरचा क्रमांक निःशुल्क आहे. ही सेवा २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाली, १ सप्टेंबर २०१८ पासून तिचा क्रमांक पाकिटांवर छापला जातो आणि तेथील समुपदेशकांशी हिंदीत बोलता येते. बोलताना आपल्या चिठ्ठ्यांचे ढीग समोर ठेवावेत. संभाषण उपदेशावरून लगेच मुद्द्यावर येते.

घरच्यांनी काय करावे

घरच्यांची चूक बहुधा एकच असते: इशारा पुरेसा भीतीदायक नाही असे समजून ते त्यात आपली भर घालतात. संवादतज्ज्ञ किम विटी हिने १९९२ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार, भीती मोठी आणि तिच्यावरचा उपाय आपल्या आवाक्यातला वाटला तरच माणूस धोक्यावर उपाय करतो. उपाय आवाक्याबाहेर वाटला तर तो धोक्याऐवजी भीतीवरच उपाय करतो, म्हणजे विषय बदलतो, विनोद करतो किंवा गच्चीवर निघून जातो. स्वित्झर्लंडमधील २०१० च्या एका अभ्यासात याहून विपरीत गोष्ट आढळली. धूम्रपान हा ज्यांच्या स्वाभिमानाचा भाग होता, अशांना मृत्यूचे इशारे दाखवल्यावर त्यांचे धूम्रपानाविषयीचे मत उलट अधिक अनुकूल झाले. मृत्यूशी संबंध नसलेल्या, दिसण्याविषयीच्या किंवा इतरांना होणाऱ्या त्रासाविषयीच्या इशाऱ्यांनी तसे झाले नाही.

तेव्हा ‘बाबा, तुम्ही मराल अशाने’ असे म्हणण्याऐवजी ‘बाबा, जेवणानंतर माझ्याबरोबर चौकापर्यंत येता का?’ असे विचारावे आणि रोज, त्याच वेळी, विचारावे. ‘अहो, पुन्हा वास येतोय’ हे वाक्य कितीही खरे असले तरी पहिल्या तीन आठवड्यांत राखून ठेवावे. लायटर, राखदाणी आणि गच्चीवरची ती एक विशिष्ट खुर्ची या खुणा आहेत; राखदाणी टाकून द्यावी आणि खुर्चीची जागा बदलावी. आमच्या घरी आईने ती खुर्ची काही न बोलता तुळशीजवळ नेऊन ठेवली आणि तिच्यावर वाळवणाचे सूप ठेवले. मला काय करायचे असते ते आठवायला प्रत्येक संध्याकाळी अर्धे मिनिट लागू लागले, आणि तेवढ्या वेळात लवंग हाती येत असे.

घसरलो तर

बहुतेक जण एकदा तरी घसरतात. त्या दिवशी पाकीट फेकून देऊ नये आणि ‘आता सोमवारपासून’ असेही ठरवू नये. पहिल्या आठवड्यासारखीच चिठ्ठी लिहावी: वेळ, ठिकाण, सोबत कोण, लगेच आधी काय. ती खूण आपल्या ढिगांत आधी होती का, हे पाहावे. होती, तर त्या ढिगाच्या वाक्यातील कृती त्या जागी करता येण्याजोगी नव्हती असे समजून ती बदलावी. नव्हती, तर नवा ढीग आणि नवे वाक्य करावे. माझी घसरण झाली ती महूच्या रस्त्यावर गाडी पंक्चर झाली तेव्हा, आणि ‘गाडी बंद पडली की’ असे वाक्य माझ्यापाशी नव्हते. त्या संध्याकाळी ते लिहून मी पाकिटात घातले आणि लवंगांची दुसरी पुडी गाडीच्या डिकीत, पान्याशेजारी ठेवली.